१९८६ ची पोर्शे ९११: एसीचा गॅस दर उन्हाळ्यात उतरतो, पण गळती कुठेच दिसत नाही

डॅलसकर
नमस्कार मंडळी. गाडी १९८६ ची ९११ करेरा, ३.२ लिटर. मुक्काम डॅलस. एसीत अजून आर-१२ (जुन्या गाड्यांचा थंडाव्याचा गॅस) आहे, होज सगळे मूळचे, कॉम्प्रेसर निप्पॉनडेन्सो. मे महिन्यात गॅस भरला की जूनभर बरं चालतं, ऑगस्टपर्यंत नुसता वारा येतो. डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) टाकून यूव्ही दिव्याखाली सगळे सांधे पाहिले, ठळक डाग कुठेही नाही. कॉम्प्रेसरच्या क्लचमागे मात्र तेलाचा पातळ थर आहे आणि त्यावर धूळ चिकटली आहे.

गळती दिसत नाही, मग गॅस जातो कुठे? आणि आता खर्च करायचाच तर आर-१३४ए या नंतरच्या गॅसवर जावं की १२ वरच राहावं?

थंडगार
गॅस होजच्या भिंतीतून जातोय. त्या काळच्या होजमध्ये आतून नायलॉनचा पडदा नसे, नुसतं रबर आणि दोऱ्याची वीण. अशा रबरातून गॅस हळूहळू पाझरतो. तेल पाझरत नाही, म्हणून डायचा डाग उमटत नाही. साध्या गाडीत कॉम्प्रेसर आणि कंडेन्सर (गरम गॅस थंड करून द्रव करणारी जाळी) शेजारी शेजारी असतात, होज हात-दोन हात. तुमच्याकडे कॉम्प्रेसर मागे आणि कूलिंग कॉइल पुढच्या डिकीत. कॉम्प्रेसरमधून गॅस आधी इंजिनाच्या झाकणाखालच्या कंडेन्सरमध्ये, तिथून अख्ख्या गाडीखालून पुढच्या कंडेन्सरमध्ये, मग ड्रायर (ओलावा शोषणारी बाटली), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (द्रव गॅसचा दाब उतरवणारी झडप), कॉइल, आणि पुन्हा गाडीखालून मागे. एवढ्या लांबीचं जुनं रबर आहे म्हटल्यावर तीन महिन्यांत गॅस उतरणारच.

क्लचमागचा तो धुळकट थर म्हणजे कॉम्प्रेसरच्या शाफ्टचं सील गळतंय. ते वेगळं दुखणं आहे. सील सुट्टं मिळतं, पण शाफ्टवर सील घासलेल्या जागी नखाला खाच लागली तर नवं सीलही टिकणार नाही, सरळ कॉम्प्रेसर बदला. एसी महिनोन् महिने बंद ठेवल्यानेही सील सुकतं. थंडीतसुद्धा दोन आठवड्यांतून एकदा दहा मिनिटं एसी चालवायचा, तेल सीलपर्यंत पोचतं.

बॅरिअर होजच घ्या, म्हणजे आतून नायलॉनचा पडदा असलेले, आतला व्यास जुन्याइतकाच. फिटिंग बीडलॉक (काट्यांऐवजी गोल कडांचं) हवं आणि क्रिम्प, म्हणजे होजवर कडं दाबणं, बबल पद्धतीचा. जुनी काटेरी फिटिंग काढून नव्या होजमध्ये ठोकू नका, काटे आतला पडदा फाडतात आणि पैसे खर्चून तुम्ही परत होतात तिथेच. नट उघडताना आणि आवळताना दोन पाने लावा, एक नटाला आणि एक पाइपाला. एकाच पान्याने जोर लावला की ॲल्युमिनियमचा पाइप पिळवटतो. ओ-रिंग सगळ्या एचएनबीआर रबराच्या. बसवताना खनिज तेलाचं बोट फिरवा, कारण पॅग (१३४ए सोबत वापरतात ते कृत्रिम तेल) हवेतलं पाणी ओढतं आणि सांध्यात गंज धरतो.

कॉइलवाला
होजबद्दल थंडगार यांच्याशी पूर्ण सहमत. गॅसच्या निवडीबद्दल माझं मत: होज बॅरिअरचे होणार असतील तर १२ वरच राहा. हा एसी त्याच गॅससाठी बेतलेला आहे आणि कंडेन्सर मुळातच अपुरा आहे. ६० डिग्रीला द्रव व्हायला आर-१२ ला साधारण २०५ पीएसआय दाब लागतो, १३४ए ला २३०. म्हणजे त्याच कंडेन्सरवर बोजा वाढतो. अमेरिकेत आर-१२ चं उत्पादन १९९५ अखेर थांबलं, पण साठ्यातला आणि शुद्ध केलेला गॅस अजून मिळतो. तो विकत घ्यायला क्लीन एअर ॲक्टच्या कलम ६०९ चं प्रमाणपत्र लागतं, म्हणून तसं प्रमाणपत्र असलेला गॅरेजवाला शोधा. गळती बंद झाली की एकदा भरलेला गॅस कित्येक वर्षं पुरतो, तेव्हा महाग असला तरी हिशेब जमतो.

एक कळकळीची विनंती. 'आर-१२ च्या जागी चालतं' म्हणून ब्यूटेन-प्रोपेनची मिश्रणं मिळतात, ती भरू नका. बेकायदा तर आहेतच, शिवाय ती पेट घेतात आणि या गाडीत कूलिंग कॉइल पेट्रोलच्या टाकीजवळ आणि माणसांच्या पायाशी आहे. आणि जुना गॅस हवेत सोडायचा नाही, मशीनने काढून घ्यायचा.

थंडगार
१३४ए ला माझा विरोध नाही, फक्त तो अर्धवट करू नये. गॅस बदलायचा तर होज, ड्रायर, ओ-रिंग, तेल, सर्व्हिस पोर्ट (गॅस भरायची तोंडं) आणि गॅसचा प्रकार व वजन सांगणारा स्टिकर सगळंच बदलतं. ड्रायर पुढच्या डाव्या मडगार्डच्या आत आहे. त्यातले ओलावा शोषणारे दाणे एक्सएच-७ किंवा ९ जातीचे हवेत, जुने एक्सएच-५ फक्त आर-१२ चे. १३४ए खनिज तेल वाहून नेत नाही, ते कॉइलमध्ये साचतं आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून जुनं तेल काढायचं आणि एस्टर (दुसऱ्या जातीचं कृत्रिम तेल) भरायचं. आर-१२ चे क्लोरीनचे अंश मागे राहतातच, पॅगचं त्यांच्याशी जमत नाही. कंडेन्सर, कॉइल आणि पाइप फ्लश करून कोरड्या नायट्रोजनने फुंकून घ्या. कॉम्प्रेसर, ड्रायर आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये फ्लशचा थेंबही जाता कामा नये.

व्हॅक्यूमआधी (पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून घेण्याआधी) नायट्रोजन १५० पीएसआय भरून साबणाचा फेस लावा आणि रात्रभर काटा पाहा. तापमानासोबत काटा थोडा हलतो, तेवढं सोडून द्या. मग पंप निदान ४५ मिनिटं. इथे घाई नडते. २५ डिग्रीला पाणी उकळायला दाब २४ मिलिमीटर पाऱ्याच्याही खाली जावा लागतो, आणि साध्या गेजवर तो फरक काट्याच्या जाडीत लपतो. मायक्रॉन गेज असेल तर ५०० मायक्रॉनपर्यंत (अर्धा मिलिमीटर पारा) उतरवा, पंप बंद करून अर्धा तास थांबा.

गॅस वजनावरच भरायचा: स्टिकरवरच्या आर-१२ च्या वजनाच्या ७५ ते ८५ टक्के. ड्रायरच्या काचेतले बुडबुडे पाहून १३४ए भरू नका. काच पूर्ण स्वच्छ दिसेपर्यंत भरलात तर बहुधा जास्तच झालेला असतो. नवा कॉम्प्रेसर असेल तर पहिल्यांदा चालू करण्याआधी क्लचची पुढची चकती हाताने दहा वेळा फिरवा, आत साचलेलं तेल पुढे सरकतं.

डॅलसकर
सर्वांचे आभार. काम झालं. होज, ड्रायर, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसर नवे, गॅस १३४ए. नायट्रोजनचा दाब रात्रभर टिकला. पण गारवा मनासारखा नाही. बाहेर ३३ डिग्री, २००० आरपीएम: खालचा दाब (कॉइलच्या बाजूचा) ४२ पीएसआय, वरचा (कंडेन्सरच्या बाजूचा) ३३०. झरोक्यात १५ डिग्री, सिग्नलला थांबलं की २० च्या वर. गॅरेजवाल्याने गॅस स्टिकरवर लिहिला आहे तेवढाच भरला. इंजिन बंद, गाडी थंड असताना २७ डिग्रीला दोन्ही काटे ८८ वर होते, म्हणजे गॅस बरोबर आहे ना?

कॉइलवाला
नाही. बंद गाडीतला दाब फक्त आत द्रव गॅस आहे एवढंच सांगतो. २७ डिग्रीला १३४ए चा दाब ८८ च्या आसपासच येणार, आत २०० ग्रॅम असो की दीड किलो.

चालू गाडीचे आकडे मात्र सगळं सांगतात. ३३० पीएसआय म्हणजे कंडेन्सरमध्ये गॅस ७५ डिग्रीला द्रव होतोय, बाहेरच्या हवेपेक्षा ४२ डिग्री वर. हा फरक २५ च्या आत हवा. खालचे ४२ म्हणजे कॉइल ८ डिग्रीला, मग झरोक्यात १५ च्या खाली कसं येईल? २००० आरपीएमला खालचा दाब २८-३० दिसला पाहिजे.

पहिला संशय गॅस जास्त झाल्याचा. आर-१२ चं पूर्ण वजन १३४ए ने भरलं की वरचा दाब असाच चढतो. पूर्ण काढून घ्या, पुन्हा व्हॅक्यूम, आणि ८० टक्के मोजून भरा. अंदाजाने थोडा सोडून देऊ नका.

दुसरी तपासणी आजच होईल. एसी चालू करून पुढच्या बंपरखाली हात धरा. तिथल्या कंडेन्सरचा पंखा फिरून गरम हवा येते का? फ्यूज किंवा रिले गेला तर पंखा गुपचूप बंद असतो आणि गाडी चालताना फारसं कळत नाही. मग फवारणीच्या बाटलीने मागच्या झाकणातल्या कंडेन्सरवर पाण्याचा अगदी हलका फवारा मारा. पाण्याचा पाइप लावू नका, खालीच इंजिनाचा पंखा आहे. वरचा दाब पटकन ७०-८० ने उतरला तर कंडेन्सर कमी पडतोय. झाकण उघडून पाती पाहा: तेल, पानं आणि धूळ यांची गादी असते. भोवतीचा फोम तुटला असेल तर पंखा कंडेन्सरला वळसा घालून हवा ओढतो. आयडलला या इंजिनाचा पंखा मंदच फिरतो, म्हणून सिग्नलचा त्रास थोडा राहील. तो घालवायचा तर मागच्या चाकाच्या कमानीत पंख्यासह जादा कंडेन्सर बसवावा लागतो.

थंडगार
आणखी एक, जे एसीवाले बघतच नाहीत. या गाडीचा हीटर एक्झॉस्टच्या उष्णतेवर चालतो. इंजिनाच्या पुढे, गाडीखाली दोन्ही बाजूंना झडपांच्या पेट्या आहेत. हीटर बंद असताना झडप गरम हवा बाहेर सोडते. गंजून अर्धी उघडी राहिली की तीच हवा पायाशी येते आणि एसी तिच्याशी भांडत बसतो. एसी बंद, हीटर बंद करून १५ किलोमीटर चालवा आणि पायाजवळच्या झरोक्याशी थर्मामीटर धरा. बाहेरच्यापेक्षा फार गरम हवा आली तर गाडीखाली जाऊन केबल सोडा आणि झडप हाताने फिरवून पाहा.

गॅस कमी केल्यावर हायवेवर अर्ध्या तासाने वारा घटला तर कॉइलवर बर्फ धरतोय. थर्मोस्टॅटची बारीक नळी कॉइलच्या पात्यांत नीट खोचलेली आहे का पाहा. व्हॉल्व्ह नवा बसवताना ती बऱ्याचदा बाहेर निघून लोंबत राहते. व्हॉल्व्हचा बल्बही परतीच्या पाइपाला घट्ट क्लॅम्प करून वर कॉर्कची टेप गुंडाळलेली हवी. नुसता बांधलेला असेल तर व्हॉल्व्ह चुकीचं तापमान वाचतो.

गॅस ८० टक्क्यांवर आणल्यावर तेच २००० आरपीएम धरून दोन्ही दाब, झरोक्याचं आणि बाहेरचं तापमान लिहा.