गाडीत स्टेपनीच नाही. रस्त्यात टायर गेला तर काय तयारी ठेवावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी अहमदपूरला राहते. दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायू झाला, तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी तिला नांदेडला दाखवायला न्यावं लागतं. वडील नाहीत, भाऊ पुण्याला, त्यामुळे गाडी मीच चालवते.

गेल्या महिन्यात नांदेडहून परत येताना लोह्याच्या पुढे, संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, मागच्या डाव्या चाकाखाली धारदार खडी आली. खाडकन आवाज झाला आणि थोड्याच वेळात डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागला. गाडी बाजूला घेतली. मनात म्हटलं, हे तर आपल्याला येतं. वडिलांची 2008 सालची गाडी होती तेव्हा त्यांनी मला अंगणात चार वेळा स्टेपनी बदलायला लावली होती. आधी नट ढिले, मग जॅक, हे त्यांचं वाक्य अजून कानात आहे.

व्हीलचेअर खाली काढली, डिक्कीतला गालिचा उचलला. स्टेपनीच्या जागी थर्माकोलचा साचा, त्यात एक छोटा कॉम्प्रेसर आणि एक बाटली. जॅक नाही, पाना नाही. गाडी घेताना 'किट दिलंय, स्टेपनीची गरज नाही' एवढंच सांगितलं होतं. मोबाईलच्या उजेडात सूचना वाचून बाटली लावली, कॉम्प्रेसर सुरू केला. चीर टायरच्या कडेला होती, जिथे अक्षरं असतात तिथे, बोटाच्या पेराएवढी. दुधासारखा पांढरा द्रव त्या चिरेतून फसफसत बाहेर आला आणि मातीत गेला. सगळी बाटली संपली, हवा काही धरली नाही.

एक भाजीचा टेम्पोवाला थांबला. देवमाणूस. आम्ही दोघांनी आईला उतरवून व्हीलचेअरवर बसवलं, रस्त्यापासून लांब. त्याच्याकडे जॅक होता, पण पावसाची सर येऊन गेलेली आणि बाजूला सगळी काळी माती. तो जॅक फिरवतोय तसतसा जॅकच खाली जातोय, गाडी बोटभरही उठत नाही. शेवटी बांधावरचा एक चपटा दगड आणून खाली घातला, तेव्हा चाक सुटलं. ते टेम्पोत टाकून तो लोह्याला घेऊन गेला. पंक्चरवाल्याने चिरेवर आतून गेटर, म्हणजे जाड रबरी ठिगळ, लावून ट्यूब टाकून दिली आणि घरापर्यंत हळू जा, उद्या टायर बदला म्हणून बजावलं. तो परत येईपर्यंत दीड तास आई अंधारात बसून होती. लघवीला जायचं होतं तिला. बोलली नाही ती, पण मला कळत होतं.

टायर नवा टाकला आहे. आता विचारायचं आहे ते असं. माझ्या टायरचा आकार 195/60 आर16. वेगळी स्टेपनी घ्यावी का, घेतली तर कोणती चालेल? जॅक आणि पाना कोणता घ्यावा? काळ्या मातीत जॅक लावायचा कसा? आणि त्या बाटलीवर कितपत भरवसा ठेवावा? कृपया अनुभवातून सांगा.

प्रतिसाद 1 (लातूर)

ताई, वाचून वाईट वाटलं. आधी नियम सांगतो. जुलै 2020 मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल केला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्ती किट असेल तर साडेतीन टनांच्या आतल्या प्रवासी गाडीला स्टेपनी नसली तरी चालते. म्हणजे तुमची गाडी नियमात बसते. पण आपल्याकडच्या रस्त्यांवर कडेला चीर पडणं काही नवं नाही, आणि त्या चिरेवर किट चालतच नाही. घरात आजारी माणूस असेल तर स्टेपनी घ्याच.

लोखंडी रिम घ्या, स्वस्त पडते. नटांची संख्या आणि ते नट ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास, ज्याला पीसीडी म्हणतात, हे तंतोतंत जुळलं पाहिजे. मधलं भोकही हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या गाडीकडच्या भागावर, बसलं पाहिजे. तुमच्या चाकाची बाहेरची उंची साधारण 640 मिमी येते. 185/65 आर15 घेतला तर 621 च्या आसपास, म्हणजे फरक 3 टक्क्यांच्या आत. पंक्चरच्या दुकानापर्यंत ताशी 80 च्या खाली जायला पुरे. मात्र 15 इंची रिम पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे ब्रेकची डिस्क पकडणाऱ्या भागाला, घासू शकते. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच पुढच्या चाकाला लावून हाताने फिरवून पाहा. मागे बसली म्हणजे पुढे बसेलच असं नाही. काही गाड्यांत अलॉय रिमचे नट लोखंडी रिमला नीट बसत नाहीत, तेही तिथेच तपासा. आणि जुना टायर माथी मारतील, तर त्याच्या कडेवरचे चार आकडे वाचा. 2319 असेल तर तो 2019 सालच्या 23 व्या आठवड्यातला.

प्रतिसाद 2 (परभणी)

काळ्या मातीचं मी सांगतो, माझं अर्धं आयुष्य तिच्यात गेलं. सुताराकडून फूटभर लांब, फूटभर रुंद, पाऊण इंच जाड प्लायवूडचा तुकडा कापून घ्या आणि गाडीतच ठेवा. जॅक त्याच्यावर. दगड शोधायला अंधारात बांधावर जायची गरज नाही, साप-विंचू असतात.

जॅक भलतीकडे लावू नका बेटा. दाराखालच्या पत्र्याच्या कडेला चाकाजवळ दोन खाचा असतात, जॅकचं डोकं त्या दोन खाचांच्या मधे बसलं पाहिजे. चार बोटं इकडेतिकडे झालं तर पत्रा दुमडतो. गाडीसोबत मिळतो तसा कात्रीचा जॅक तुमच्यासाठी बरा, कारण त्याच्या डोक्याला त्या कडेसाठी खोबण असते. बाटलीसारखा हायड्रॉलिक जॅक बुटक्या गाडीखाली टायर बसल्यावर शिरतच नाही. उचलण्याआधी हँडब्रेक, पहिला गिअर, ऑटोमॅटिक असेल तर पी, आणि समोरच्या तिरक्या चाकाला दगड किंवा लाकडी पाचर. गाडी जॅकवर असताना आत कुणी नको. आईला आधी उतरवलंत ते फार योग्य केलंत.

पाना लांब दांड्याचा घ्या. गॅरेजमध्ये हवेच्या गनने नट इतके आवळतात की आखूड पान्याने बाईमाणूस काय, पैलवानालाही सुटत नाहीत. सांगायचं, बाबा शेवटचं आवळणं हातानेच कर. अर्धा मीटर लांब दांडा आणि टोकाला वीस किलोचा जोर म्हणजे साधारण 100 न्यूटन मीटर होतात, छोट्या गाड्यांना त्याच्या आसपासच लागतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो. सोडवताना दांड्यावर पाय दिला तर चालेल, आवळताना कधीच नाही. आवळायचे ते समोरासमोरचे, ओळीने नाही. पन्नासेक किलोमीटरनंतर परत एकदा बघायचे.

प्रतिसाद 3 (बीड)

बाटली टाकून देऊ नका. तळव्यात, म्हणजे टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तिथे, खिळा किंवा बाभळीचा काटा गेला तर तिने काम होतं. खिळा जागेवर काढायचा नाही, तो आहे तोवर हवा हळूहळू जाते. द्रव भरला की लगेच चारपाच किलोमीटर सावकाश चालवायचं, मग थांबून दाब बघायचा. पंक्चरवाल्याला आत द्रव आहे हे आधीच सांगा, म्हणजे तो टायर आणि सेन्सर पुसून घेईल. तुमची बाटली संपली आहे, नवी आणा आणि तिच्यावरची मुदत बघा. ती चारपाच वर्षांत संपते, कॉम्प्रेसर मात्र चालू राहतो.

ऊसतोडीच्या दिवसांत रात्री ट्रॉल्यांना मागे दिवा नसतो, आणि तुम्ही थांबलेल्या त्यांनाही दिसत नाही. लाल त्रिकोण पन्नास पावलं मागे ठेवा. डोक्याला लावायची बॅटरी घ्या, दोन्ही हात मोकळे राहतात. राष्ट्रीय महामार्गावर 1033 लावा, तो नंबर चोवीस तास असतो.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचा प्लायवूड कालच कापून आणला.

लातूरला 15 इंची लोखंडी रिम मिळाली. पुढच्या चाकाला लावून बघितली, कॅलिपर आणि रिम यांच्यात करंगळी जाते. रविवारी अंगणात तालीम केली. आई बाजेवर बसून बॅटरी धरून होती, डाव्या हाताने. नट सुटले, गाडी उचलली, आणि चाक काही निघेना. नट नाहीत, तरी चाक हबला चिकटून बसलेलं. जोराने ओढायला गेले तर गाडी जॅकवर हलली, म्हणून लगेच थांबले. गाडी खाली घेतली, नट दोन आटे ढिले ठेवून लावले आणि अंगणातच हातभर पुढे-मागे केली. टक् असा आवाज झाला आणि चाक सुटलं. आत हबवर गंज होता, तो तारेच्या ब्रशने घासून काढला. हे रस्त्यावर रात्री झालं असतं तर मी घाबरून गेले असते. ज्यांची चाकं वर्षभर काढली नसतील त्यांनी एकदा काढून बघा.

पहिल्यांदा पन्नास मिनिटं लागली, दुसऱ्यांदा सव्वीस.

आता एकच अडचण उरली आहे. थर्माकोल काढला तरी स्टेपनी खळग्यात पूर्ण बसत नाही, साधारण आठ सेंटिमीटर वर येते. त्यावर फळी टाकून व्हीलचेअर ठेवली तर वळणावर ती घसरते आणि मागच्या सीटवर आदळते. पट्ट्याने बांधायची म्हटलं तर खळग्याच्या तळाला बोल्ट लावायचं आट्याचं एकच भोक आहे, मधोमध. कुणी अशी स्टेपनी आणि वर सामान घट्ट बसवून घेतलं असेल तर फोटो टाकाल का? पुढच्या गुरुवारी नांदेडला जायचं आहे.