नवऱ्याच्या गप्प राहण्याबद्दल

"मूल होण्यासाठी उपचार चालू आहेत, नवरा दवाखान्यात सोबत येतो, पण घरी या विषयावर चकार शब्द काढत नाही," असं तुम्ही लिहिलंय. त्याला काहीच वाटत नाही असा अर्थ लगेच काढू नका. पण त्याच्या गप्प बसण्याचा भार तुम्ही एकटीने उचलताय, हेही खरं.

मूल न होण्यामागे जवळपास निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. तरी सोनोग्राफी, इंजेक्शनं आधी बाईचीच सुरू होतात. वीर्यतपासणी सगळ्यात सोपी, ती मात्र मागे राहते. डोहाळजेवणात ओटी भरायला पुढे झालेलीला "राहू दे गं" म्हणणाऱ्या काकू-मावश्या कारण कुठे विचारतात? (माझ्या नणंदेला हे ऐकावं लागलं, अजून संताप येतो.) अशा वेळी नवऱ्याने घरात सगळ्यांसमोर बोलायलाच हवं.

२०२१ च्या सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायद्यानुसार आयव्हीएफ (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याचा उपचार) करणाऱ्या केंद्राने जोडप्याला समुपदेशन देणं बंधनकारक आहे. ते मागून घ्या, दोघंही जा. आणि गर्भ सोडल्यावर दिवस राहिले की नाही याच्या रिपोर्टपर्यंतचे ते साधारण दोन आठवडे फार जड जातात. तपासणीची तारीख सासरी-माहेरी कुणालाच सांगू नका, रोजचे फोन तरी टळतील.