वडील गेल्यावरची कविता: आठवण कशी उतरवायची?

प्रश्न – रानजाई

बाबा जाऊन वर्ष होत आलं. त्यांच्यावर लिहायला बसले की 'पोरकेपण', 'हरपलेलं छत्र' असलेच शब्द येतात. नंतर वाचते तेव्हा वाटतं, ही कविता कुणाच्याही वडिलांवर खपेल. माझे बाबा तीत नाहीतच. शिवाय एक गोष्ट लिहवतच नाही. शेवटचे काही महिने ते अंथरुणाला खिळले होते आणि माझ्यावर सारखे चिडायचे. ते गेले तेव्हा रडू फुटायच्या आधी मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. हे कवितेत आणावं का? कवी अशा आठवणींचं करतात तरी काय?

मुक्तछंद

आणावं. खरं तर तुमची कविता तिथेच आहे.

इंग्रजी कवी थॉमस हार्डीचं बघा. त्याची बायको एमा नोव्हेंबर १९१२ मध्ये गेली. एका घरात राहूनही दोघांमध्ये कित्येक वर्षं दुरावा होता. ती गेल्यावर मात्र तो तिच्यावर कवितांमागून कविता लिहीत सुटला. १८७० मध्ये दोघं इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला पहिल्यांदा भेटली होती, तिथे तो १९१३ च्या मार्चमध्ये पुन्हा जाऊन आला. एका कवितेत ती त्याला हाक मारते आणि त्याला आठवतो तिचा तेव्हाचा आकाशी रंगाचा झगा. पश्चात्तापाचं सगळं ओझं त्या झग्यावर आहे.

हिंदी कवी निरालांची मुलगी सरोज ऐन तारुण्यात गेली. १९३५ च्या त्यांच्या दीर्घ शोककवितेत ते स्वतःला निरर्थक बाप म्हणतात, पण मला जास्त लागते ती दुसरीच जागा: संपादकाकडून परत आलेली रचना घेऊन हा माणूस माळावर तासन्‌तास बसलाय आणि शेजारचं गवत उपटतोय. मुलीसाठी काही कमावता आलं नाही, ही सल त्या बोटांत दिसते. मुलीच्या शोकगीतात स्वतःचं हे असं चित्र ठेवायला केवढी छाती लागते!

म्हणून भावनेचं नाव लिहू नका. बाबा चिडले की काय करायचे, ते लिहा.

सांजवात

मुक्तछंद यांचं पटतं, पण जरा जपून. मानसशास्त्रातले संशोधक जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांचा १९८६ चा प्रयोग प्रसिद्ध आहे. विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनाला लागलेल्या प्रसंगावर लिहायला सांगितलं होतं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या झाल्या जास्तच उदास वाटलं. पुढच्या महिन्यांत मात्र त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तेव्हा लिहिल्यावर रात्र वाईट गेली तर घाबरू नका. झोपच उडाली, दिवस ढकलणं कठीण झालं, तर वही मिटा आणि समुपदेशकाशी बोला. कविता तुमच्यासाठी थांबून राहते. इंग्रजी कवी टेनिसनचा मित्र हॅलम १८३३ मध्ये गेला आणि त्याच्यावरचं काव्य छापून आलं १८५० मध्ये.

रानजाई

दोघांचेही आभार. रात्री बसले तर हे आलं. बाबा चिडले की चष्मा काढून चादरीच्या टोकाने पुसत बसायचे. काच स्वच्छ असली तरी. माझ्याकडे बघायला लागू नये म्हणून, हे मला लिहितानाच कळलं. चार ओळी झाल्यात:

काच पुसून झाली तरी
तुम्ही पुसतच राहिलात.
मीही औषधाची बाटली
उगाच हलवत राहिले.

सुटल्यासारखं वाटल्याचं अजून आलेलं नाही. आणि ताईला हे आवडणार नाही. तिच्या मते आजारपणातले बाबा जगासमोर मांडू नयेत.

मुक्तछंद

बाटली हलवत राहणं फार खरं आहे. तिथे तुम्हीही नजर चुकवताय. या ओळींना आता 'दुःख' वगैरे शब्द चिकटवू नका. सुटकेची ओळ ओढून आणू नका, ही कविता कदाचित तिच्याशिवायच उभी राहील आणि ती ओळ दुसऱ्या कवितेत येईल.

ताईंचं म्हणणं मात्र सोडून देण्यासारखं नाही. बाबा त्यांचेही होते. लिहिताना कुणाची परवानगी लागत नाही, छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवा. चष्म्याबद्दल त्यांना काही वेगळंच आठवत असेल, तर तेही लिहून ठेवा.