चार जणांची पाककृती दोघांसाठी: मापाचे कप घ्यावेत की वजनकाटा?

पळीभर_गोंधळ: घरी जेवणारी माणसं दोन, पाककृती सगळ्या चार जणांच्या. मी सरळ निम्मं करते आणि रोज काहीतरी बिनसतं. काल भाज्या घालून भात केला, सगळं मोजून निम्मं. तर खाली करपला आणि वर शितात कणी! त्याआधी सूप खारट. एकच वस्तू घ्यायची आहे, साधी आणि स्वस्तातली. ओव्हन सुचवू नका, ओट्यावर जागा नाही.

खमंग: डोळे झाकून वजनकाटा. कप कुठल्या देशाचा ते कोण सांगणार? अमेरिकी साधारण २४० मिली, मेट्रिक २५०. टेबलस्पून बहुतेक ठिकाणी १५ मिली, ऑस्ट्रेलियात २०. मैदा भुरभुरून भरला तर कपात १२० ग्रॅम, दाबला तर १५०.

तापलेला_तवा: ओव्हनच घ्या, खरं सांगतो. मी पंख्याचा घेतला, पहिलाच केक जाळला. कृतीत १८० होतं, मीही १८० ठेवलं. पंखा चालू असेल तर २० अंश कमी ठेवायचं असतं. आता हात बसलाय, घरचे बोटं चाटतात.

पळीभर_गोंधळ: अहो, ओव्हन नको म्हटलंय.

तापलेला_तवा: आज नाही तर उद्या घ्यालच.

दीड_शहाणी: खमंग यांना +१. केक निम्मा करताना एका अंड्याचं अर्धं करायची वेळ येतेच. फेटून मोजा, मोठ्या अंड्याचा ऐवज कवचाविना साधारण ५० ग्रॅम, त्यातला २५ घ्या. आणि २० सेंमीच्या टिनचं निम्मं म्हणजे १० सेंमी नव्हे हं! मी तेच केलं, सगळा केक ओतू गेला, दोन दिवस खरवडत होते. १५चा टिन लागतो.

आळणी: काट्याचं कौतुक पुरे. माझा दोन ग्रॅमला हलतच नाही, मीठ काय मोजणार? खारट सूपात बटाटा टाका, संपला विषय.

खमंग: बटाटा खारट पाणीच पितो हो, एकटं मीठ नाही. उरलेलं सूप तितकंच खारट. पाणी वाढवणं हाच उपाय.

आळणी: आमच्या सासूबाई चाळीस वर्षं टाकताहेत.

खमंग: मग तो बटाटा चविष्ट लागत असणार.

दीड_शहाणी: मीठ कुठलं तेही बघा. चमचाभर बारीक मीठ साधारण ६ ग्रॅम, जाडं त्याच चमच्यात कमी बसतं. (बटाट्याबद्दल खमंग यांना पुन्हा +१.)

जुनं_खोड: पाककृती लिहिणारेच थापा मारतात. 'कांदा पाच मिनिटांत तांबूस'! माझा वीस मिनिटं झाली तरी नुसता घाम गाळत असतो. असो. बाई, तुमच्या भाताबद्दल कुणी बोललंच नाही. वाफ भांडं बघून जाते, तांदूळ बघून नाही. पातेलं तेच, आच तीच, वेळ तेवढाच, मग उडणारं पाणीही जवळपास तेवढंच. सहा वाट्यांतली एक उडाली की पाच उरतात. तुम्ही घातल्या तीन. त्यातली एक गेली, उरल्या दोन. हव्या होत्या अडीच. कणी राहील नाही तर काय!

पळीभर_गोंधळ: अय्या, पातेलं तेच होतं! रुंद, पसरट, झाकणही डुगडुगतं.

खमंग: म्हणूनच म्हणतोय, वजनकाटा.

तापलेला_तवा: ओव्हनमध्ये झाकून ठेवला की भात मस्त होतो.

पळीभर_गोंधळ: सगळ्यांचे आभार. काटा नाही, कप नाही, लहान उभट पातेलं आणलं, घट्ट झाकणाचं. आज निम्मं पाणी आणि वर तीन चमचे. शीत न् शीत मोकळं, तळाला जेमतेम तांबूस पापुद्रा, तो मीच खाल्ला. मीठ आता निम्म्याहूनही कमी घालते, उरलेलं शेवटी चाखून.

खमंग: पातेल्यात ग्रॅम दिसतात का?

आळणी: बटाटा मावतो ना?

तापलेला_तवा: पातेल्याला प्लॅस्टिकच्या मुठी नाहीत ना? ओव्हनमध्ये चालणार नाहीत.