नौदलाची लिलावातली मिनीबस नाशकात पासिंग होईल का?

सातपूरकर: एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात मुंबईच्या नौदल तळावरची बाद मिनीबस आहे. एमएच-१५ वर नोंदणी होईल? आधी काय बघू?

गिअरवाला: आधी लॉटच्या अटी वाचा. 'फक्त भंगार' किंवा 'नोंदणीकृत भंगार केंद्रासाठी' असं असेल तर विषय संपला. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालत नाही. सवलत आहे ती लष्करी कामगिरीच्या खास वाहनांना. त्यात स्टाफची मिनीबस कशी बसेल?

पेठरोड: पासिंगला फॉर्म २० आणि विक्री करणाऱ्या लष्करी कार्यालयाचा मूळ फॉर्म २१ लागतो. गाडीवरचा बाणाच्या खुणेचा लष्करी नंबर तुमच्या नावावर होत नाही, नवा घ्यावा लागतो. खरं अडतं चासी नंबरवर. गंजामुळे एक आकडा जरी वाचता आला नाही तरी निरीक्षक फाइल परत पाठवतो. पाहणीच्या दिवशी तारेचा ब्रश न्या, अलगद घासा, कागद ठेवून पेन्सिल फिरवून छाप घ्या आणि कागदपत्रांशी ताडून पाहा.

गिअरवाला: किलोमीटर कमी दिसले म्हणून भुलू नका. खाऱ्या हवेत उभी गाडीच जास्त सडते. स्प्रिंगचे हँगर, ब्रेकचे लोखंडी पाइप, पायरीखालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. वरचा ताजा रंग काहीच सांगत नाही. वायरिंगच्या जोडांवर हिरवट पावडर दिसली तर नवं हार्नेस, म्हणजे वायरांचा अख्खा संच, धरून चाला.

सातपूरकर: आणि नाशिकपर्यंत आणायची कशी?

पेठरोड: ट्रेलरवर. नोंदणी-विमा नसताना कसाऱ्यात चालवत आणायची नाही, भाऊ. उचलायची मुदत चुकली की जागाभाडं चढतं.