बर्फाळ हिवाळ्यात मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार: रास्त निवड की निव्वळ हट्ट?

मॉन्ट्रियलकर (धागाकर्ता)

कॅनडातल्या मॉन्ट्रियल-ओटावाच्या पट्ट्यात दर हिवाळ्यात दोन मीटरांच्या आसपास बर्फ पडतो. नोव्हेंबर उजाडला की इथल्या मराठी मंडळींत एकच सल्ला फिरू लागतो: टोयोटा जीआर८६ किंवा माझदा एमएक्स-५ अशी मागच्या चाकांवर चालणारी स्पोर्ट्स कार असेल, तर ती झाकून ठेवा आणि मार्चअखेरपर्यंत ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची शक्ती देणारी) एसयूव्ही चालवा. हा सल्ला मला पटत नाही. बर्फात गाडीचा ताबा जातो तो बहुतेक वेळा टायरमुळे. कोणत्या चाकांना इंजिनाची शक्ती मिळते, हा त्यानंतरचा प्रश्न आहे. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते आणि पारा शून्याखाली गेला की त्याची पकड फारशी उरत नाही. स्पोर्ट्स कारबरोबर बहुधा असेच टायर मिळतात, आणि त्यांवरच पहिल्या बर्फात बाहेर पडून चौकात गर्रकन फिरलेले लोक पुढे जन्मभर मागच्या चाकांना बोल लावत बसतात.

मॉन्ट्रियल ज्या प्रांतात येते त्या क्युबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत. ऑल व्हील ड्राइव्ह सक्तीचे नाही, हे लक्षात घ्यावे. ऑल व्हील ड्राइव्हमुळे गाडी जागची सहज निघते, पण ब्रेक लावताना त्याचा उपयोग होत नाही, आणि अपघात टळतो की नाही हे बहुधा थांबतानाच ठरते. शिवाय व्होल्व्हो २४० ही मागच्या चाकांवर चालणारी गाडी १९७४ पासून १९९३ पर्यंत बनत होती, आणि स्वीडनमधल्या साध्यासुध्या कुटुंबांनी तिच्यावर कित्येक हिवाळे काढले. (आपल्या मुंबईची प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही त्याच घडणीची होती, तिची गाठ फक्त पावसाशी पडली, एवढेच.)

तळघासू

व्होल्व्हो २४० चा दाखला इथे लागू पडत नाही. ती जमिनीपासून बेताची उंच आणि अरुंद टायरांची सेडान होती. जीआर८६ चा तळ जमिनीपासून जेमतेम १३० मिलिमीटरवर असतो. टायर कितीही उत्तम असले तरी बर्फाचा थर त्याहून जाड झाला की गाडी पोटावर बसते, चाकांवरचा भार बर्फाने उचलला जातो आणि मग पकड धरायला काही उरतच नाही.

शिवाय ताज्या भुसभुशीत बर्फापेक्षा, नगरपालिकेचा नांगर रस्ता साफ करताना आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी जो बांध घालून जातो, तो अधिक जाचक असतो. त्यात मीठ, पाणी आणि बर्फाचे ढेकळे एकत्र गोठलेले असतात आणि तासाभरात त्याचा दगड होतो. एसयूव्ही त्यावरून कशीबशी निघते. स्पोर्ट्स कारच्या पुढच्या बंपरची खालची कड मात्र नेमकी त्याच उंचीवर येते, आणि कडाक्याच्या थंडीत ते प्लास्टिक वाकत नाही, तडकते. फावडे घेऊन पहाटे अर्धा तास खपायची तयारी असेल, तर खुशाल चालवावी.

भारमापक

टायरचे महत्त्व मान्य आहे, पण धागाकर्त्यांनी वजनाच्या वाटणीचा मुद्दा अजिबातच सोडून दिला आहे. पुढे इंजिन आणि पुढचीच चाके ओढणारी, अशा साध्या गाडीचे सुमारे ६० टक्के वजन ओढणाऱ्या चाकांवर असते. जीआर८६ मध्ये मागच्या चाकांवर सुमारे ४७ टक्केच येते. वेग घेताना भार मागे सरकतो आणि त्याचा फायदा मागच्या चाकांना मिळतो, असे नेहमी सांगितले जाते. ते कोरड्या रस्त्यावर खरे आहे. निसरड्यावर मुळात वेगच घेता येत नाही, त्यामुळे भारही सरकत नाही. चढावर थोडा सरकतो. परंतु इतक्या बुटक्या गाडीचा गुरुत्वमध्य आणि तिच्या दोन आसांमधले अंतर धरून हिशेब केला, तर १० टक्के चढावर हा लाभ दोन टक्क्यांच्या आसपासच भरतो. म्हणजे ४७ चे ४९ झाले आणि पुढची चाके ओढणाऱ्या गाडीचे ६० चे ५८, एवढाच काय तो फरक! पोर्श ९११ ची गोष्ट वेगळी, कारण तिचे इंजिनच मागच्या आसाच्या मागे असते आणि म्हणून ती बर्फात बऱ्यापैकी चालते.

दुसरे असे, की पुढची चाके घसरली तर घाबरलेला चालक अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलतो आणि बहुधा गाडी ताळ्यावर येते. मागची घसरू लागल्यावर तीच स्वाभाविक हालचाल नडते, कारण इंजिनाचा रोध नेमका घसरणाऱ्या चाकांवर पडतो. हातगिअरच्या गाडीत काळ्या बर्फावर (रस्त्यावरच्या न दिसणाऱ्या पातळ बर्फावर) तिसऱ्यातून दुसऱ्यात येताना क्लच झटक्याने सोडला, तर ब्रेकला न शिवताही मागचा भाग पुढे येऊ पाहतो.

मॉन्ट्रियलकर

भारमापक, आपला हिशेब बरोबर आहे, पण त्यातून निष्कर्ष एवढाच निघतो की माझी गाडी सिग्नलवरून हळू निघेल, आणि मला घाई नाही. दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच अलगद सोडत ती निघते. रुतलीच, तर ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच फिरू लागले की शक्ती कमी करणारी यंत्रणा) तेवढ्यापुरते बंद करावे लागते, कारण ते शक्ती तोडत राहते आणि चाक बर्फ खोदून बाहेर पडू शकत नाही. मागचा भाग घसरण्याबद्दल म्हणाल, तर कॅनडात आणि अमेरिकेत सप्टेंबर २०११ पासून बनलेल्या प्रवासी गाड्यांत स्थैर्य नियंत्रण सक्तीचे आहे आणि ते प्रत्येक चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून गाडी सावरते. उरलेला भाग सरावाचा. मोकळ्या वाहनतळावर परवानगीने, कमी वेगात गाडी मुद्दाम घसरवून स्टिअरिंग घसरणीच्या दिशेने वळवायला शिकावे, हे मी एसयूव्हीवाल्यांनाही सांगेन. त्यांच्यापैकी कित्येकांना आपली गाडी घसरू शकते हेच ठाऊक नसते.

गंजलेला

घसरणे सावरता येईल, मिठाचे काय करणार? इथे रस्त्यावर टाकतात ते मीठ फार कडक थंडीत बर्फ वितळवू शकत नाही, म्हणून त्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड मिसळतात, आणि ती द्रव्ये हवेतली ओल धरून ठेवत असल्याने तळाचा पत्रा सुकतच नाही. दर शरदात तळाला तेलाचा फवारा मारून घेतला तर गंज लांबतो, थांबत नाही. जी गाडी हौस म्हणून घेतली, तिचे ब्रेकचे नळ आणि सब-फ्रेम (तळाचा सांगाडा) मिठाला हौसेनेच का खाऊ घालावेत? हिवाळ्यापुरती घेतलेली दोन हजार डॉलरांची जुनी होंडा सिव्हिक गंजली तर कुणाला हळहळ वाटत नाही.

मॉन्ट्रियलकर

त्या सिव्हिकला हिवाळी टायर, विमा आणि पार्किंगची जागा लागतेच. मॉन्ट्रियलच्या मध्यवस्तीत सदनिकेबरोबर एकच जागा मिळते, हे ज्यांच्या घराला दोन गाड्यांचे गॅरेज आहे त्यांच्या ध्यानात येत नाही. आणि तळघासूंच्या मुद्द्याला माझे उत्तर सोपे आहे: नांगर फिरलेला नसेल, त्या दिवशी मी मेट्रोने जातो.

तळघासू

मेट्रोचा निर्णय आपण सकाळी सातला खिडकीतून बघून घेता. वादळ मात्र दुपारी तीनला सुरू होते, आणि त्या वेळी गाडी कचेरीच्या वाहनतळावर उभी असते.

मॉन्ट्रियलकर

मग ती रात्रभर तिथेच राहते. वाहनतळाचे भाडे सिव्हिकच्या विम्याहून स्वस्त पडते.