स्लीव्ह सर्जरीला साडेतीन महिने झाले, आता पाणीसुद्धा टिकत नाही. कुणाला असं झालंय का? मदत हवी आहे

नमस्कार, कोल्हापूरहून लिहितेय. वय ४२. साडेतीन महिन्यांपूर्वी पुण्यात माझी स्लीव्ह झाली, म्हणजे दुर्बिणीतून जठराचा पाऊण भाग काढतात आणि केळ्यासारखी नळी ठेवतात ती. तेव्हा वजन ११८, आता ९३. शुगरच्या गोळ्या बंद झाल्या, रंकाळ्याला पूर्ण चक्कर मारली तरी धाप लागत नाही, त्याबद्दल तक्रार नाही. पण नंतरचं जे चाललंय ते घरी बोलायची सोय नाही म्हणून इथं लिहिते.

पहिले चार दिवस टाक्यांपेक्षा डावा खांदा जास्त दुखला. मला वाटलं हार्टचं काही आहे, सिस्टर म्हणाल्या ऑपरेशनला पोटात भरलेला गॅस आहे, चालत रहा. मग औषधाच्या टोपणानं मोजून पाणी, ३० एमएल, की पुढं पंधरा मिनिटं घड्याळाकडं बघत बसायचं. ते सगळं निभावलं. दुसऱ्या महिन्यापासून अर्धी वाटी मुगाचं वरण, एक उकडलेलं अंडं असं बरं चाललेलं.

गेले पंधरा दिवस मात्र घास छातीच्या मधोमध अडकतो, तोंडाला पाणी सुटतं आणि पांढरा चिकट फेस यायला लागतो, नुसता येतच राहतो, थुंकला तरी तार तुटत नाही. परवा दुकानात गिऱ्हाईक साड्या बघत बसलेलं आणि मी पदर तोंडाला लावून मागच्या मोरीत पळाले. आधी भाकरीनं व्हायचं, मग भातानं, आता ताकानं पण होतंय आणि कालपासून साधं पाणी पण उलटून पडतंय. व्हिटॅमिनच्या गोळ्या टिकत नाहीत म्हणून दहा-बारा दिवस घेतल्याच नाहीत.

केसांचं तर विचारू नका, न्हाऊन झालं की मोरीच्या जाळीवर मूठभर गुंता असतो. रविवारी घरात मटणाला कांदा-खोबरं भाजायला घेतलं की मी टेरेसवर जाऊन बसते. सासूबाई पांढऱ्या रश्श्याची वाटी घेऊन वर येतात, "मी सांगतो ऐक, दोन घोट घे, ताकद येईल, एवढ्याशावर माणूस जगतंय होय." त्यांना आणि सगळ्या पाहुण्यांना आम्ही पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं असं सांगितलंय. वजनासाठी पोट कापून घेतलं म्हटलं की लोक काय बोलतात माहिती आहे.

बाकी अशक्तपणा आहेच, रात्री पायाला मुंग्या येतात, चालताना जरा तोल जातो, पायात चप्पल नीट बसलीय का कळत नाही, ते खाणं कमी म्हणून असेल. पुण्याला फोन केला तर सावकाश चावून खा म्हणतात. पाणी कसं चावायचं?

हे किती दिवस चालतं? उलटी थांबायला काय घेता? केस परत येतात का?

प्रतिसाद
ताई, माझं बायपास झालं दोन वर्षांपूर्वी, हार्टचं नाही, वजनासाठी जठराचं करतात ते. केस तिसऱ्या महिन्यापासून गळायला लागले आणि नंतर आपोआप थांबले, आता पहिल्यासारखे आहेत. प्रोटीन रोज ६० ग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नका, जेवल्यावर अर्धा तास पाणी नको. मला उलट्यांपेक्षा गोडाचा त्रास जास्त झाला, एक पेढा खाल्ला की वीस मिनिटांत घाम, धडधड, जुलाब, आडवंच व्हायला लागायचं. पण पाणी न टिकणं हे मला कधीच झालं नाही.

प्रतिसाद
ताई, मी वॉर्डात सिस्टर आहे. केसांचं आणि रश्श्याचं बाजूला ठेवा, तुम्ही शेवटी जे सहज लिहिलंय तेच मोठं आहे. पंधरा दिवस उलट्या, गोळ्या बंद, पायाला मुंग्या, तोल जातोय. हे बी१ म्हणजे थायमिन कमी पडल्याचं असू शकतं, त्याचा शरीरातला साठा दोन-तीन आठवड्यांतच संपतो. डोळ्यांना दोन-दोन दिसायला लागलं, विसरायला झालं तर मेंदूपर्यंत गेलं समजा आणि तिथून सगळं परत येईलच असं नसतं. उद्या नको, आत्ता निघा, तुमच्या कोल्हापूरचं सरकारी सीपीआर हॉस्पिटल असो नाहीतर जवळचं कुठलंही मोठं हॉस्पिटल. आणि तिथं पित्ताचं ऑपरेशन म्हणून सांगू नका!! स्लीव्ह झालीय, पंधरा दिवस उलट्या आहेत आणि आधी बी१ चं इंजेक्शन हवंय, हे तीन वाक्यांत सांगा. नाहीतर अशक्तपणा म्हणून सरळ ग्लुकोजची सलाईन लावतील, बी१ च्या आधी ग्लुकोज गेलं तर उलट जास्त बिघडू शकतं. उलट्या का होतायत ते नंतर दुर्बिणीनं बघतील, नळी कुठंतरी आवळलेली असू शकते. कुणीतरी सोबत घ्या, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

धागाकर्ती
सिस्टर, तुमचं वाचलं आणि अर्ध्या तासात निघालो, त्याला आज पाच दिवस झाले. कॅज्युअल्टीत ह्यांनी सवयीनं "पित्ताचं" म्हणून सुरुवात केली, मी हात धरून थांबवलं आणि खरं सांगितलं. डॉक्टरांनी आधी बी१ दिलं, मग सलाईन. मुंग्या अजून आहेत पण तोल बराच सावरलाय. काल एंडोस्कोपी झाली, नळी मधोमध आवळलीय, पुढच्या आठवड्यात पुण्याला बलूननं रुंद करणार आहेत. तोवर सलाईनवरच.

सासूबाईंना पण सांगून टाकलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आधी सांगितलं असतंस तर रस्सा घेऊन मागं लागलो असतो का गं." रात्री सोबतीला त्याच थांबतायत, टोपणानं पाणी मोजून देतात.

आता एवढंच विचारायचंय, बलून कुणी केलंय का? एकदा करून भागतं की परत परत करावं लागतं, आणि नंतर पहिला घास कितव्या दिवशी घेतलात?